येणं बाकी

दिवेलागण झाली की माझ्या घराची चौकट बोलते. आधी घसा साफ केल्यासारखा बारीक आवाज करते, मग गोड, बिनवयाच्या बाईच्या आवाजात म्हणते, "सुयोग मगदूम यांचं येणं बाकी आहे." आणि त्यामागून माझा लेक बोलतो. "आई, येतो."

दोनच शब्द. त्यात चपलेत पाय कोंबतानाची घाई आहे, आणि 'आई' म्हणताना आवाज जरा जड झालाय, कारण भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात होता. पुढं मी "ये" म्हणाले होते. ते चौकटीनं ठेवलेलं नाही. म्हणून रोज त्या जागी मी ते नव्यानं म्हणते. "ये."

बाया विचारतात, आक्का, रोज रोज हे कसं सोसता? मी सांगते, तुम्ही तुमच्या नवऱ्यांचं बोलणं सोसता तसंच. वर माझा लेक दोनच शब्द बोलतो, तुमच्यांचं तोंड थांबत नाही.

सुयोगला कृष्णेनं नेलं त्याला दोन पावसाळे झाले. सापडला नाही. आणि जोवर सापडत नाही, तोवर चौकटीच्या हिशेबी तो यायचा आहे.

ही चौकट म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या कुरुंदवाडात आता असं एक घर नाही जिथं दाराच्या वर ती बटणाएवढी चकती नाही. तिला सगळे 'मेळ' म्हणतात. सुयोग वायरमन होता, त्यानंच अर्ध्या गावात त्या चकत्या बसवल्या. आमच्या दारावरची बसवताना मी खाली स्टूल धरून उभी होते आणि वर बघून विचारलं होतं, "हे नेमकं करतं काय रे?"

"आई, माणूस दिवसभर बोलतो त्यातला बराचसा भुसा असतो. हे त्यातून दाणे पाखडतं. 'अमुक झालं' किंवा 'अमुक होणार', असं सांगणारं वाक्य आलं की तेवढंच उचलायचं. कोण, काय, कधी. त्याला दावा म्हणतात. बाकीचं बोलणं जागच्या जागी टाकून देतं."

"आणि दाणे घेऊन काय करतं? दळतं?"

"पडताळतं. हातातला पट्टा, गाडीतली चकती, चौकातले कॅमेरे, दुकानातली बिलं, सगळ्यांना विचारतं. तुम्ही म्हणालात तसं घडलं का? घडलं तर मेळ बसला. नाही घडलं तर आकडा उतरला. शंभरात तुमचा आकडा किती, त्यावर बँक कर्ज देते, शाळा पोरांना घेते, दवाखाना नोकरी देतो."

"आणि जे अजून घडलंही नाही, बिघडलंही नाही?"

"ते बाकी. त्याचा तेवढा आवाज चकती स्वतःजवळ पुरावा म्हणून ठेवते आणि रोज एकदा आठवण करून देते. मिटलं की पुसून टाकते."

"ऐकत कोण बसतं एवढं?"

"कुणी नाही गं. माणूसच नाही त्यात. गणित आहे."

"मग तर जास्तच वाईट. माणूस ऐकत असता तर त्याला हसवलं असतं, नाहीतर दोन शिव्या घालून गप्प केलं असतं."

तो वर हसत होता, आणि स्टूल हलत होतं.

मेळानं चांगलं काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. मला खोटं बोलायची सवय नाही आणि खोटं बोलणाऱ्यांची मला कधी कीवही आली नाही. दुधात पाणी नाही म्हणणारा गवळी दोन महिन्यांत सरळ झाला. 'सोडली' म्हणून रोज पिणारे पकडले गेले. मतं मागायला येणारे पुढारी तर मुके झाले; व्यासपीठावर नुसते हात जोडून उभे राहायचे, ते बघायला मजा यायची.

पण मग चांगली माणसंही जपून बोलायला लागली. 'शक्यतो' हा शब्द मी जन्मात इतका ऐकला नव्हता. बघतो शक्यतो, येतो शक्यतो. पोरं बोलायला शिकतात ती शक्यतोपासून. भाचीच्या लग्नात नवरीनं उखाणा घेतला, तोही घरदार आणि नवऱ्याचं नाव एवढंच धरून. सुखाबिखाचं काही नाही, कारण ते पुढं पडताळलं जाईल. सगळे हसले, आणि हसताना सगळ्यांनी एकदा वर चकतीकडं बघितलं. आताशा सगळे हसताना वर बघतात. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाणारे शहाळं ठेवतात आणि चादरीकडं बघत बसतात. 'बरी होशील गं' म्हणायची कुणाची छाती होत नाही. आजारी बाई त्या गप्प बसण्यावरनंच ओळखते.

आणि त्यातच 'येते' गेलं.

आपल्यात घराबाहेर पडताना 'जाते' म्हणत नाहीत. जातो तो मेलेला. जिवंत माणूस 'येतो' म्हणून निघतो आणि घरातलं कुणीतरी 'ये' म्हणतं, मग उंबरा ओलांडायचा. चकतीला हे समजेना. बाई येते म्हणते आणि जाताना दिसते! मेळ चालवणाऱ्या कंपनीच्या शहाण्यांनी मग ठरवलं की 'येतो' म्हणजे परत येण्याचा दावा. संध्याकाळपर्यंत आलात तर ठीक, नाहीतर बाकी. सासरी निघालेल्या पोरी, पुण्याला शिकायला निघालेली पोरं, सगळी बाकीत पडायला लागली. बाकी राहिली तरी आकडा उतरतोच, तसे घराघरांचे उतरले. मग लोकांनी काय करावं? चकती काढावी? छे! जीभ वळवली. 'जातो' म्हणायला लागले. शेजारच्या पोरीनं पहिल्यांदा "जाते हं आई" म्हटलं, तेव्हा तिची आई हातातलं काम टाकून भिंतीला टेकली होती. मग सवय झाली. आता रोज सकाळी अख्खी गल्ली जातो, जाते, जातो करत बाहेर पडते. डोळे मिटून ऐकलं तर वाटतं, सगळे मिळून एकाच ठिकाणी निघालेत.

माझ्या दारात मी ते चालू दिलं नाही.

"आई, आकडा उतरतो," सुयोग म्हणायचा.

"उतरू दे. आकडा काय डोक्यावर घेऊन फिरतोस? या उंबऱ्यावर पाय आहे तोवर येतो म्हणायचं."

आणि तो म्हणायचा. बाहेर गावभर 'जातो', माझ्या दारात 'येतो'. मला त्याचा भारी अभिमान होता. नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं त्या दिवशी गावची बोट पलीकडल्या मळ्यातली माणसं आणायला निघाली, तारा कुठं लोंबतायत ते ह्याला ठाऊक म्हणून ह्यालाही बोलावलं. त्यानं भाकरी उभ्यानं खाल्ली. आई, येतो. बोट उलटली तेव्हा बाकीचे एका चिंचेच्या झाडाला धरून राहिले. त्यांना संध्याकाळी आणलं.

तो त्या दिवशी 'जातो' म्हणाला असता तर चौकटीला बाकी काही राहिलं नसतं. तिनं पाटी कोरी करून टाकली असती. हे मला माझ्या सुनेनं एकदाही बोलून दाखवलं नाही. तेवढी ती मोठ्या मनाची आहे. बाकी तोंडानं माझ्यासारखीच आहे, म्हणून तर आमचं पटायचं.

ऋतुजा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या कालवणाला 'खारट' म्हणाली होती, पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर. मी तेव्हाच ओळखलं की ही टिकणार. सुयोग गेल्यावर नातेवाईक म्हणाले, ती माहेरी जाईल. गेली नाही. दिवसभर लॅबमध्ये असायची, संध्याकाळी माझ्या डंकावर यायची.

डंक म्हणजे माझं कांडप. चटणीच्या मिरच्या कुटायचं यंत्र, लोखंडी मुसळं एकामागोमाग एक आपटत राहतात. त्याचा आवाज असा, की शेजारी उभं राहिलेल्या माणसाच्या कानात तोंड घालून ओरडावं लागतं. तिथंही भिंतीवर चकती आहे. पण डंक चालू झाला की तिच्यावर पिवळा ठिपका येतो: ऐकू येत नाही. वर मिरचीची पूड बसून तिचा डोळाही तांबडा झालेला.

गावातल्या बायांना हे कळायला वेळ लागला नाही. ज्यांच्या घरात वर्षाची चटणी झालेली, त्याही ओंजळभर मिरच्या घेऊन यायला लागल्या. "आक्का, एवढंच आहे, पण जरा जास्त वेळ चालू ठेवा." मग डंकाच्या आवाजात काय काय बोलायच्या! गल्लीतली नसीमा तर डंकाकडं तोंड करून नवऱ्याला शिव्या घालायची, मग घाम पुसून म्हणायची, "आता महिनाभर त्याच्याशी गोड बोलते." एक म्हातारी यायची आणि नुसतं ओरडायची, "मी बरी होणार! मी बरी होणार!" खोकला सगळ्यांनाच यायचा, त्यामुळं कोण रडतंय ते कळायचं नाही.

मध्यंतरी तालुक्याचा एक साहेब आला होता. सरकारी योजनेत आवाज न करणारा डंक मिळतो म्हणाला, निम्म्या किमतीत. मी म्हटलं, मुका नवरा देता का योजनेत? त्यानं आधी वर बघितलं, मग हसला.

ऋतुजानं मला वैभवबद्दल डंकापाशीच सांगितलं. लॅबमधलाच मुलगा. शांत. बायको बाळंतपणात गेलेली. तिनं कानात ओरडून सांगितलं, "आक्का, तो विचारतोय! लग्नाचं!"

मी डंक बंद केला. मग लक्षात आलं आणि परत चालू केला.

"तू काय म्हणालीस?"

"काही म्हणता येत नाही! तुम्ही सोडवल्याशिवाय मला काहीच म्हणता येत नाही!"

तिचं खरं होतं. वाहून गेलेल्या माणसाला कायद्यानं मेलेला म्हणायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पण आता कोर्ट मेळ बघतं. येणं बाकी असेल तर माणूस बेपत्ता. येणं मिटलेलं असेल तर निकाल पहिल्याच तारखेला. आणि मिटवायचं कुणी? ज्याला शब्द दिला त्यानं. बायको नाही, बाप नाही, सरकार नाही. सुयोग "आई, येतो" म्हणाला होता. म्हणजे मी चौकटीखाली उभं राहून म्हणायचं: तो येणार नाही.

मी म्हटलं की ऋतुजा सुटणार. आणि मी म्हटलं की त्याचा आवाज पुसला जाणार. त्याचे फोटो आहेत, लग्नाची चित्रफीत आहे, पण तिच्यात तो पाहुण्यांशी बोलतोय. माझ्याशी बोललेलं तेवढं एकच, चौकटीत.

"त्याला घेऊन ये उद्या," मी ओरडले. "बघू दे तरी, कसला आहे."

आला. इस्त्रीचा शर्ट घालून कांडपात आला, त्यावरनंच समजलं की साधा आहे. डंक बंद होता. मी विचारलं, "सुखात ठेवशील का हिला?"

त्यानं वर चकतीकडं बघितलं. "प्रयत्न करीन आक्का. शक्यतो."

"शक्यतो?" मी म्हटलं. "माझ्या सुनेनं लेकाच्या मागं या घरात राहून दाखवलं, ते शक्यतो नव्हतं बाबा." आणि खटका ओढला. मुसळं धाडधाड आपटायला लागली, पिवळा ठिपका आला. मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला. "आता सांग!"

त्याचा चेहरा लाल झाला, तिखटानं का कशानं कोण जाणे. मग तो असा ओरडला, की डंकावर आवाज चढला. "ठेवीन! मरेपर्यंत ठेवीन!"

ऋतुजानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मी डंक बंद करून म्हटलं, "शर्ट झटकून घे. डाग जायचा नाही."

कोर्टाची तारीख सोमवारची होती. रविवारी दिवेलागणीला मी चौकटीखाली उभी राहिले. ऋतुजा आतल्या खोलीच्या दारात होती. रोज त्या वेळेला ती नळ सोडून भांडी घासायला घ्यायची, स्वच्छ भांडीसुद्धा, म्हणजे तो आवाज ऐकू येऊ नये. त्या दिवशी नळ बंद होता.

"सुयोग मगदूम यांचं येणं बाकी आहे."

"आई, येतो."

पहिल्यांदाच मी "ये" म्हणाले नाही. आयुष्यभर कुणाला भ्याले नाही मी. सासऱ्याला नाही, सावकाराला नाही, पुराच्या पाण्याला नाही. पण उंबऱ्यावर उभं राहून लेकाबद्दल ते शब्द? माझी जीभ तिकडं वळेचना. आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. संपण्याचं नाव घ्यायचं नाही, उलटं बोलून अंगावरनं काढायचं. तोंडातनं तेच आलं.

"सुयोगचं येणं... वाढलं."

चौकट गोड आवाजात म्हणाली, "नोंद झाली. सुयोग मगदूम यांच्या येण्याची मुदत वाढवली आहे."

मी ऋतुजाकडं बघितलं. तिनं दाराची कडा धरली होती.

"आक्का," ती हळू म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"अगं, माझ्या तोंडातनं..."

"तुम्हाला माहीत होतं! कांडप बंद करताना 'दुकान वाढवते' म्हणालात तेव्हा मेळाचा माणूस आला होता ना, जागा कुठं वाढवली म्हणून बघायला? तुम्ही त्याची नक्कल करून गल्लीला हसवलंत. या चकतीला वाढणं म्हणजे काय कळतं, ते गावात सगळ्यात जास्त तुम्हाला माहीत आहे."

ती चप्पल घालून बाहेर पडली. दारात थांबली नाही, जाते म्हणाली नाही, येते म्हणाली नाही. काहीच न बोलता उंबरा ओलांडला तिनं, आणि चौकटीला त्यात पाखडायला काही सापडलं नाही.

मी मुद्दाम केलं का? सुयोग म्हणायचा, बोललं आणि घडलं एवढंच मेळ बघतो, मनात काय होतं ते नाही. ते मलाही दिसलं नाही. मी तिथंच पायरीवर बसले आणि पहिल्यांदा त्या चकतीची भीती वाटली. ती ऐकते म्हणून नाही. इतकी वर्षं मी तिच्याशी भांडत होते, तिला पुरून उरले असं मिरवत होते, आणि आता माझ्याच तोंडातला शब्द माझा की तिच्यासाठी बोललेला, ते मला कळेनासं झालं होतं. गल्लीत जो तो वर बघून बोलतो म्हणून मी हसायचे. मीही बघतच होते की. ते वर बघून घाबरायचे, मी वर बघून ताठ व्हायचे, एवढाच फरक.

सोमवारी सकाळी मी कांडपात गेले, एकही गिऱ्हाईक नसताना डंक चालू केला. रिकाम्या उखळात मुसळं आपटली की आवाज वेगळा येतो, लोखंडावर लोखंड. तो आवाज ऐकून ऋतुजा आली. ती नसीमाकडं झोपली होती. डोळे सुजलेले.

"रिकामा चालवू नका, मोडेल!" ती ओरडली.

"मोडू दे!"

"आक्का, बंद करा!"

"ऐक! इथं ऐक, माझ्याकडं बघून!" मी तिचे दोन्ही दंड धरले. "तो गेला! माझा सुयोग गेला! पाण्यात गेला तो! येणार नाही आता, ऋतुजा, येणार नाही!"

ती मला धरून राहिली. आम्ही दोघी त्या मुसळांच्या गदारोळात किती वेळ ओरडत होतो मला सांगता येणार नाही. तिनंही त्याचं नाव घेतलं, त्याला शिव्या घातल्या, बोटीत चढला म्हणून, लाइफजॅकेट दुसऱ्याला दिलं म्हणून. मी त्याला 'मेल्या' म्हणायचे लहानपणापासून, लाडानं. दोन वर्षं तो शब्द माझ्या तोंडातनं आला नव्हता. तो ओरडून घेतला. पिवळा ठिपका आमच्याकडं बघत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं.

मग मी डंक बंद केला. कान बधिर झाले होते. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, आणि पदराला तिखट होतं म्हणून मी तिच्यावर खेकसले, आणि मग आम्ही घरी गेलो.

चौकटीखाली उभी राहून मी म्हटलं, "माझं ऐक. सुयोग येणार नाही."

"कोण सांगत आहे?"

"ज्याला शब्द दिला, ती. त्याची आई."

"खात्री आहे का?"

त्या प्रश्नाला मी मान वर करून बघितलं. बटणाएवढी चकती, सुयोगनं जरा वाकड्या स्क्रूनं बसवलेली. "आहे," मी म्हटलं. "पूस."

"नोंद झाली."

कोर्टात सगळं झटपट झालं. वैभव बाहेर उभा होता, शर्टावर तो डाग तसाच. मी त्याला म्हटलं, सांगितलं होतं ना.

त्या संध्याकाळी दिवा लावला. चौकटीनं घसा साफ केला. मी सवयीनं कान टवकारले. ती म्हणाली, "बाकी काही नाही."

मी "ये" म्हणाले. कुणाला, ते ठाऊक नाही. ऋतुजानं आतनं ऐकलं, आणि तिनं नळ सोडला नाही.

तेव्हापासून रोज तेच. बाकी काही नाही. तुम्हाला वाटेल, गप्प घर बरं. गप्प घर वेगळं आणि रोज सांजेला आपल्या घरात कुणाचं यायचं राहिलेलं नाही असं गोड आवाजात ऐकणं वेगळं. मी त्या वेळेला घराबाहेर जाऊन उभी राहायला लागले. तर गल्लीतल्या सगळ्या चौकटी एकामागोमाग एक बोलताना ऐकू आल्या. बाकी काही नाही. बाकी काही नाही. इतकी माणसं बाहेरगावी गेलेली, परदेशी गेलेली, आणि एकाही दारात कुणाचं येणं बाकी नाही. सगळे 'जातो' म्हणूनच निघालेले. सगळ्यांचे आकडे चांगले.

लग्न साधं झालं. वैभवला मिरजेला बदली मिळाली, तिथं दोघांचं घर. ऋतुजानं सामान बांधलं: कपडे, तिच्या परीक्षेची पुस्तकं, माझ्या डंकावरची चटणी. वैभव रस्त्यावर गाडीपाशी थांबला होता. ती उंबऱ्यापाशी आली, वाकून पाया पडली. मला तिला सांगायचं होतं की दुसऱ्याच्या घरात पहिल्या दिवशी कालवणाला नावं ठेवू नकोस. पण त्याला आई नाही, कालवण तीच करणार, म्हणून राहिलं.

ती चौकटीखाली उभी राहिली. तिच्या नव्या नोकरीला आकडा लागणार होता, आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी स्वतःच म्हणाले, "म्हण गं, 'जाते' म्हण. मला काही वाटत नाही आता."

"खोटं बोलू नका आक्का, आकडा उतरेल," ती म्हणाली. आणि वर न बघता, माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्का, येते."

चौकट लगेच बोलली. "सामान आणि नवा पत्ता पाहता आज परत येण्याची शक्यता नाही. आपल्याला 'जाते' म्हणायचं आहे का?"

"नाही," ऋतुजा म्हणाली. "येते."

"येण्याची वेळ सांगता का?"

"नाही."

"मग हे बाकी राहील."

"राहू दे."

मी "ये" म्हटलं. तिनं उंबरा ओलांडला. गाडी वळेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही, आणि ते बरोबर केलं.

कांडपावरनं येऊन मी दिवा लावते. आता बाहेर जाऊन उभी राहत नाही. साहेबाचा तो मुका डंक पलीकडच्या गल्लीत आलाय, बाया तिकडं जात नाहीत अजून, पण जातील. मुसळं आपटायची थांबली की गावात बोलायला जागा उरणार नाही. ते होईल तेव्हा होईल.

चौकट घसा साफ करते.

"ऋतुजा यांचं येणं बाकी आहे."

मग तिचा आवाज, जरा चढा, कारण ती चिडली होती. "आक्का, येते."

आणि त्या आवाजामागं, मी रोज नीट ऐकते, दुसरं काहीही नाही. माझं 'ये' पुन्हा ठेवलेलं नाही. त्याला भुसा समजून टाकून दिलंय. अख्ख्या गल्लीत तेवढं एकच दार आता सांजेला काही मागतं, म्हणून बाया चालता चालता थांबतात, आमच्या उंबऱ्याकडं बघतात, वर चकतीकडं बघतात आणि घाईनं पुढं जातात, जणू आत कुणीतरी बसलंय.

बसलेच आहे मी. मी म्हणते, "ये."